जमिनीचा शाप आणि शेतकऱ्याचे दुःख : पतनाच्या ख्रिस्ती शिकवणुकीची पार्श्वभूमी

यवतमाळ, वाशीम, अमरावती या जिल्ह्यांतील लहान ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये अनेक कुटुंबे शेती किंवा शेतमजुरी करणारी आहेत. बायबलमधील उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील काटे, कुसळे आणि निढळाचा घाम त्यांना समजावून सांगावा लागत नाही. निंदण-डवरणी करणाऱ्या माणसाला तो अध्याय आपल्याच वावराविषयी लिहिलेला वाटतो. म्हणूनच एक प्रश्न तेथे फार जवळचा होतो. पऱ्हाटीवर बोंडअळी आली, पावसाने दडी मारली, कर्ज फिटले नाही, तर ते त्या घराच्या पापाचे फळ मानायचे काय?

मूळ कथेत देवाने मना केलेले फळ खाऊन केलेल्या आज्ञाभंगानंतर (यालाच पतन म्हणतात) पहिले मानव आदाम आणि हव्वा यांना आपल्या नग्नतेची जाणीव होते, ते देवापासून लपतात आणि दोष दुसऱ्यावर ढकलतात. त्यानंतर प्रसूतिवेदना, पुरुषाचे स्त्रीवरील स्वामित्व, कष्टाची शेती, मृत्यू आणि एदेन बागेतून हकालपट्टी येते; पुढच्याच अध्यायात भाऊ भावाचा जीव घेतो. शापाचे शब्द मात्र सर्पाला आणि जमिनीला उद्देशून आहेत, आदाम आणि हव्वा यांना थेट शाप दिलेला नाही, आणि बागेबाहेर घालवण्यापूर्वी देव त्यांच्यासाठी चामड्याची वस्त्रे करतो. पुरुषाची सत्ताही पतनानंतरच्या परिणामांत येत असल्यामुळे ती देवाची मूळ योजना म्हणून शिकवणे मला या कथेशी विसंगत वाटते.

या कथेला सिद्धान्ताचे रूप मुख्यतः नव्या करारातील, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रामुळे आले. एका माणसाच्या द्वारे पाप आणि पापाच्या द्वारे मरण जगात आले, असे सांगून त्याने आदामासमोर ख्रिस्ताला उभे केले. आठव्या अध्यायात तर सारी सृष्टीच कण्हत आहे असे तो लिहितो. दुसऱ्या शतकातील बिशप इरेनियसला आदाम अजून वाढ पूर्ण न झालेल्या बालकासारखा दिसला. ऑगस्टिन (354–430) या बिशपने मात्र, माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने पापाविना जगू शकतो असे म्हणणाऱ्या पेलागियसशी झालेल्या वादात अधिक कठोर मांडणी केली : आदामाचा दोष त्याच्या वंशजांकडे येतो आणि माणसाची इच्छाशक्ती इतकी वाकलेली असते की कृपेवाचून, म्हणजे देवाच्या फुकट मिळणाऱ्या साहाय्यावाचून, ती देवाकडे वळू शकत नाही. 418 साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची मते नाकारली आणि 529 साली ऑरेंजच्या परिषदेने कृपेचा पुढाकार मान्य केला. पूर्वेकडील मंडळीने मृत्यू आणि विकार यांचा वारसा मानला, पण दोषाचा वारसा सहसा मानला नाही.

सोळाव्या शतकात वाद पुन्हा पेटला. बाप्तिस्म्यानंतरही उरणारी पापाकडची ओढ हे पापच होय, असे प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरचे म्हणणे होते. 1546 साली कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट येथील परिषदेने ती ओढ पापातून येते व पापाकडे नेते, परंतु खऱ्या अर्थाने पाप नव्हे, असे ठरवले. दुसरा प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने माणसाचे एकही अंग या बिघाडातून सुटले नाही असे शिकवले, तर अठराव्या शतकात मेथडिस्ट परंपरेचा प्रवर्तक वेस्ली याने तेवढाच बिघाड मान्य करून सर्वांना आधीच लाभणाऱ्या कृपेवर भर दिला.

विदर्भात हे सारे प्रवाह वेगवेगळ्या वाटांनी आले. स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपूरला आले ते कॅल्विनच्या परंपरेतील स्कॉटिश मिशनकडून. वऱ्हाडात मेथडिस्ट परंपरेचे काम उभे राहिले आणि कॅथलिक धर्मप्रांतही स्थापन झाले. यवतमाळला 1953 साली सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 साली पुण्याला जाईपर्यंत तेथे पाळकांना शिक्षण देत होती, आणि 1970 साली नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन अनेक मंडळ्या एकत्र आल्या.

या सर्व परंपरांनी दुःखाचे मूळ पतनात पाहिले, पण एखाद्या घराची आपत्ती त्याच घराच्या पापाचे माप आहे हा निष्कर्ष त्या शिकवणुकीतून निघत नाही. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला, तेव्हा येशूने त्याचे आणि त्याच्या आईबापांचे पाप हे कारण नाकारले. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण यरुशलेमातील इतरांपेक्षा अधिक दोषी नव्हते, असेही त्याने सांगितले. म्हणून ज्या घरातील कर्त्या माणसाने कर्जापायी जीव दिला, त्या घरी जाऊन पापाचा हिशेब मांडणाऱ्या पाळकाला शास्त्राचा आधार नाही, असे मी स्पष्टपणे म्हणतो. पतनाने माणसामाणसांतील नातीही बिघडली असे मानायचे, तर सावकाराचे व्याज आणि कापसाच्या भावातील लूट यांचा विचारही त्याच शिकवणुकीखाली व्हायला हवा.