स्पॉकच्या ताटात काय वाढायचं?

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकन टीव्हीवर ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली आणि एंटरप्राइज यानावरचा एक अधिकारी लगेच लोकांच्या नजरेत भरला. टोकदार कान, तिरक्या भुवया, चेहरा निर्विकार, आणि भावना दाखवणं म्हणजे जणू असभ्यपणा. व्हल्कन ग्रहाचा मिस्टर स्पॉक. त्यानंतर परग्रहावरचा एखादा विक्षिप्त सहकारी नसेल तर अंतराळयानाच्या गोष्टीला रंगच चढेना. पण या मंडळींचा विक्षिप्तपणा बहुतेक वागण्याबोलण्यातला असतो. कातडीच्या आत ती फारच आपल्यासारखी निघतात.

स्पॉकच्या बाबतीत लेखकांनी थोडी मेहनत घेतली होती. त्याचं रक्त हिरवं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं. यानाचे डॉक्टर मॅककॉय त्यावरून त्याला टोमणेही मारतात. कल्पना मुळीच हवेतली नाही. ऑक्टोपस, खेकडे, विंचू यांच्या रक्तात हिमोसायनिन नावाचं प्रथिन असतं आणि त्यात खरोखरच तांब्याचे अणू प्राणवायू धरून ठेवतात. फक्त त्याचा रंग निळा होतो, हिरवा नव्हे. तांब्याच्या भांड्यावर चढणारा हिरवा थर लेखकांच्या डोळ्यांसमोर असावा बहुधा. गंमत म्हणजे पृथ्वीवर हिरव्या रक्ताचे प्राणीही आहेत, पण त्यांना तांब्याची गरज पडत नाही. काही समुद्री कृमींच्या रक्तातलं क्लोरोक्रुओरिन पातळ असताना हिरवं दिसतं आणि दाट असताना लाल, आणि त्यात असतं लोह. न्यू गिनीतल्या काही सरड्यांच्या रक्तात बिलिव्हर्डिन हे हिरवं रंगद्रव्य इतकं साठतं की हिमोग्लोबिनचा लाल रंग त्याखाली झाकून जातो. मुका मार लागल्यावर आपली कातडी काही दिवसांनी हिरवट दिसते, ती याच रंगद्रव्यामुळे.

मला खटकतो तो रंग नाही, हवामान. व्हल्कन ग्रह उष्ण आणि तिथली हवा विरळ, असं मालिकेतच सांगितलं आहे. हिमोसायनिन मात्र थंड पाण्यात जास्त शोभतं. अंटार्क्टिकाच्या समुद्रातले ऑक्टोपस त्याच्या जोरावर नीट जगतात. पण तेवढ्याच रक्तातून ते आपल्या हिमोग्लोबिनच्या मानाने खूप कमी प्राणवायू वाहून नेतं. वाळवंटी ग्रहावर, विरळ हवेत, माणसाच्या दुप्पट-तिप्पट ताकद दाखवणाऱ्या गड्याला हे रक्त म्हणजे शिक्षाच.

आणि स्पॉकची आई माणूस आहे! घोड्याचे गुणसूत्र ६४, गाढवाचे ६२. इतके जवळचे नातेवाईक असूनही त्यांचं ६३ गुणसूत्रांचं खेचर जवळजवळ नेहमीच वांझ. स्वतंत्रपणे उत्क्रांत झालेल्या व्हल्कनशी आपलं तेवढंही नातं असायचं कारण नाही. त्याच्यापेक्षा अंगणातलं आंब्याचं झाड आपल्याला जवळचं. त्याचा आणि आपला कुठला तरी पूर्वज एकच होता.

हे मालिकावाल्यांना कळत नव्हतं असं नाही. नटाच्या कानाला रबर चिकटवणं परवडतं, आठ पायांचा अधिकारी परवडत नाही. १९९३ मध्ये नंतरच्या एका मालिकेत त्यांनी याला कारणही शोधलं: एका प्राचीन जमातीने अनेक ग्रहांवर आपलं जीवबीज पेरलं, म्हणून सगळे सारखे. हा विचार त्यांच्या आधी विज्ञानात येऊन गेलेला होता. कुणीतरी हेतुपूर्वक जीवन पाठवलं असावं का, हा प्रश्न फ्रान्सिस क्रिक आणि लेस्ली ऑर्गेल या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडला. जीवाणू अवकाशातून आपोआप उतरत असावेत, हे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं मत. ते तपासायला त्यांचे शिष्य जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये हैदराबादहून फुगा सोडला गेला आणि ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले गेले. जीवाणू सापडले. २००५ च्या उड्डाणातून तर तीन नव्या जाती मिळाल्या आणि त्यांतल्या एकीला हॉईल यांचं नाव दिलं. ते वरून उतरले की जमिनीवरून वर गेले, हा वाद मात्र त्याने मिटला नाही.

आता जेवणाच्या टेबलाकडे वळू. यानावरची सगळी मंडळी तिथे एकत्र बसून जेवताना दिसतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी थाप हीच आहे. आपली प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांतली एक सोडून बाकी सगळी दोन रूपांत असू शकतात, डाव्या आणि उजव्या पायाच्या चपलेसारखी. पृथ्वीवरच्या जीवांची प्रथिनं डाव्या रूपाचीच. नाकाला हा फरक चांगला कळतो: पुदिन्याचा वास आणि शहाजिऱ्याचा वास देणारं कार्व्होन नावाचं द्रव्य एकच, फक्त रूप उलटं. परग्रहावर उजव्या रूपाची प्रथिनं रुजली असतील तर तिथला पाहुणा आपलं वरण-भात पोटभर खाईल आणि तरी उपाशी मरेल. आपली साखर त्याला कदाचित गोड लागेल, पण पचणार नाही. आपल्याकडे याची चुणूक मिळते ती उलट्या रूपाच्या ग्लुकोजमध्ये. ते चवीला गोडच असतं, पण शरीराला त्यातून ऊर्जा मिळत नाही. पाणी, मीठ आणि मद्यातलं इथेनॉल यांना डावं-उजवं नसतं, त्यामुळे पेला उंचावायला निदान रेणूच्या आकाराची आडकाठी नाही.

या उलट्या जीवांची चर्चा हल्ली प्रयोगशाळांमध्ये गंभीरपणे चालते. डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात इशारा दिला की आरशातल्या प्रतिबिंबासारखे उलट्या रेणूंचे जीवाणू माणसाने बनवू नयेत. असा जीवाणू तयार व्हायला अजून निदान दहा वर्षं लागतील, पण झाला तर आपली रोगप्रतिकारशक्ती त्याला नीट ओळखू शकणार नाही आणि त्याला खाऊन आवरणारे इथले विषाणू व सूक्ष्मजीवही हात टेकतील. त्याला स्वतःला मात्र डावं-उजवं नसलेल्या साध्या पोषकद्रव्यांवर वाढता येईल. सुरक्षिततेची खात्री पटेपर्यंत अशा संशोधनाला पैसा देऊ नये, अशी त्यांची शिफारस आहे. सही करणाऱ्यांत काही जण असे होते ज्यांनी पूर्वी स्वतःच उलट्या रेणूंवर काम केलं होतं.