अजगराची मादी अंडी टाकून निघून जाते?

साप थंड रक्ताचा, तो अंडी काय उबवणार. घातली की निघाला, असं सर्रास सांगितलं जातं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये आढळणारा डायमंड पायथन, म्हणजे कार्पेट अजगराचा तिथला काळा-पिवळा प्रकार, हे साफ खोटं ठरवतो. मादी एकमेकांना चिकटलेल्या अंड्यांभोवती घट्ट वेटोळं घालते आणि स्नायू थरथरवून स्वतःच्या अंगात ऊब तयार करते. बाहेर गारठा असला तरी तिचं अंग ३१ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. जवळून पाहिलं तर वेटोळ्याला बसणारे बारीक झटके दिसतात. पाळणाऱ्यांनी कृपा करून तो आजार समजू नये! या काळात ती सहसा खातही नाही. पिल्लं बाहेर आली की मात्र त्यांचं पोट त्यांनाच भरावं लागतं.