जुन्या मोटारीचे घरगुती रंगकाम

जुन्या मोटारीचे घरगुती रंगकाम : दारात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचा गंज काढून, पत्रा सरळ करून ती घरच्या घरी पुन्हा रंगवणे. सातारा-सांगलीकडे या कामाला ‘डेंटिंग-पेंटिंग’ आणि रंगाला ‘डुको’ म्हणतात. डुको हे मूळचे ड्यूपाँट कंपनीच्या, १९२० च्या दशकात आलेल्या नायट्रोसेल्युलोज रंगाचे व्यापारी नाव. हौशी माणसाच्या वाट्याला बहुधा कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट (पुढची पद्मिनी) येते, नाहीतर २०१४ पर्यंत निघत राहिलेली अ‍ॅम्बॅसिडर.

या दोन्ही गाड्यांना वेगळी चासी (खालची भार पेलणारी चौकट) नाही, पत्र्याचा सांगाडाच भार पेलतो. म्हणून दाराखालची पट्टी सडली असेल तर रंगाचा विचार बाजूला ठेवावा. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक गाडीवरून फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे पूर्वी कोणीतरी लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) थापलेली असते. मग पेचकस घेऊन खालून टोचत जावे. धड पत्र्यावर तो टणकन वाजतो, सडलेल्या पत्र्यात अलगद आत जातो. सांगलीत कृष्णेच्या २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडालेली गाडी असेल तर दारांच्या पोकळीत गाळ हमखास सापडतो. दाराच्या तळाशी पाणी निथळायला भोके असतात. ती बुजली की पत्रा आतून सडतो आणि बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आत फारसे काही उरलेले नसते. असा भाग कापून नवा तुकडा जोडावाच लागतो. हे वेल्डिंग नवशिक्याने करू नये, आणि पेट्रोलची टाकी उतरवल्याशिवाय तर कोणीच करू नये.

जुना रंग कोणता आहे हे थिनरच्या (रंग पातळ करायच्या द्रावणाच्या) बोळ्याने कळते : बोळ्याला रंग लागला तर तो डुको. थिनरने न सुटणाऱ्या जुन्या एनॅमलवर डुको मारला तर सुरकुत्या पडण्याची भीती असते. हार्डनर (रंग कडक करणारे रसायन) घालून मारायचा टू-के रंग टिकाऊ खरा, पण त्यातले आयसोसायनेट हे रसायन फुप्फुसांना घातक असते. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर तो घरी मारू नयेच. डुकोही आग पटकन पकडतो.

लांबी कोरडीच घासावी, कारण ती पाणी शोषते आणि ते पाणी पुढे रंगाखाली राहते. प्रायमर (रंगाखालचा थर) वाळल्यावर त्यावर काळ्या रंगाचा हलका फवारा उडवून लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर फिरवावा. खड्ड्यांत काळे तसेच राहते आणि तळव्याला न कळलेला खोलगटपणा डोळ्यांना दिसतो. रंगकामातले सगळे शहाणपण या टप्प्यात आहे. रंग फवारायची गन पत्र्यापासून १५ ते २० सेंमी. अंतरावर, समांतर फिरवायची. जवळ गेली की ओघळ येतो, लांब गेली की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो.

हंगाम निवडणे इथे अवघड आहे. पावसाळ्यात, विशेषतः महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला, थिनर उडताना पत्रा गार होतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि डुको पांढरट पडतो. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तर नेमका तेव्हाच उसाचा गळीत हंगाम सुरू होतो. शेतातले पाचट पेटले की काळी राख उडत येते आणि ओल्या बॉनेटवर बसते. त्यामुळे कऱ्हाड-वाळव्याच्या ऊसपट्ट्यात चारी बाजूंनी प्लास्टिकचा आडोसा करून, धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारून, सकाळी वारा सुटण्याआधी रंग मारलेला बरा.

रंगाची छटा ठरवण्याआधी मागचे सीट उचलून पाहावे. उन्हापासून वाचलेला कारखान्याचा मूळ रंग तिथे बऱ्याचदा मिळतो. गाडीचा रंग आरसी पुस्तकात नोंदलेला असतो आणि तो बदलला तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते.