मापाबाहेर गेलेले वीस पीस

भोसरी एमआयडीसी, सेकंड शिफ्ट. सीएनसी मशीनवरच्या ऑपरेटरच्या लक्षात येतं, की टूल झिजलंय आणि शेवटचे वीसेक पीस मापाबाहेर गेलेत. सुपरवायझरला सांगायचं, की गुपचूप चांगल्या ट्रेमध्ये सरकवायचे? तो काय करेल हे त्याच्या स्वभावापेक्षा, मागच्या वेळी सांगणाऱ्याचं काय झालं यावर जास्त ठरतं.

अमेरिकेतल्या एमी एडमंडसन या संशोधिकेला हे उलट्या वाटेने उमगलं. हॉस्पिटलांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा त्या अभ्यास करत होत्या. ज्या वॉर्डात परिचारिकांचं आपसांत आणि प्रमुखाशी चांगलं जमतं, तिथे चुका कमी असणार असा त्यांचा अंदाज होता. आकडे आले ते भलतेच: चांगल्या वॉर्डांत चुका जास्त! खोलात गेल्यावर उलगडा झाला, की तिथे चुका उघडपणे सांगितल्या जात होत्या; इतरत्र त्या झाकल्या जात. पुढे १९९९ साली त्यांनी एका फर्निचर कंपनीतल्या ५१ गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बोलायची धास्ती नसलेले गट चुकांतून जास्त शिकत आणि त्यांचं कामही सरस ठरे. याला त्या ‘मानसिक सुरक्षितता’ म्हणतात.

भिंतीवर मूल्यांचा बोर्ड लावून ती येत नाही, असं माझं ठाम मत आहे. डिस्पॅचची घाई असतानाही साहेब खराब माल थांबवतात का, ‘माझंही चुकलं’ म्हणतात का, हे कामगार रोज बघत असतात. जागेवर सापडलेला पीस भंगारात जातो; तोच चाकणला ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर सापडला, तर अख्खा लॉट परत येऊ शकतो.

शिकवण्यावर केलेला खर्चही असाच फळतो. अर्थतज्ज्ञ अच्युत अध्वर्यू आणि सहकाऱ्यांनी बंगळुरूच्या कपडे कारखान्यांत शिलाई करणाऱ्या काही बायकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून संवाद, वेळेचं नियोजन, अडचणी सोडवणं यांचं प्रशिक्षण दिलं. प्रशिक्षण न मिळालेल्यांपेक्षा त्यांची उत्पादकता सुमारे १३ टक्के जास्त निघाली. कार्यक्रम संपल्यावर आठ महिन्यांत, खर्च वजा जाता, कंपनीला खर्चाच्या सुमारे अडीच पट फायदा झाला.

आणि त्या बायकांचा पगार? जेमतेम अर्धा टक्का वाढला.

हा शेवटचा आकडा मला पहिल्या दोन आकड्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो. आयटीआयच्या मुलांना हाताशी धरून तयार करणाऱ्या आपल्या पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारांनी तो दिवाळी बोनस ठरवताना समोर ठेवावा.