बेस गिटारचा अ‍ॅम्प: आधी कॅबिनेट, मग वॉट

बँडसाठी नवा अ‍ॅम्प घ्यायला निघालेला बेस गिटारवादक दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो एकच: किती वॉटचा आहे? दुकानदारही तोच आकडा पुढे करतो, कारण तोच सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. दोघांच्याही मनातला हिशेब असा, की ५०० वॉट म्हणजे २५० वॉटच्या दुप्पट आवाज. हा हिशेब साफ चुकीचा आहे, आणि त्यापायी अनेक चांगले वादक चुकीच्या वस्तूवर पैसे घालतात.

वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. शांत खोलीत लक्ष देऊन ऐकले तर हा फरक कळतो. शेजारी ड्रम वाजत असताना जवळजवळ नाही. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. शिवाय छापलेला प्रत्येक वॉट खरा असतोच असे नाही. टेपरेकॉर्डर आणि होम थिएटरच्या खोक्यांवर हजारांच्या घरातले ‘पीएमपीओ’, म्हणजे क्षणिक कमाल, वॉट छापलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. तेवढी वीज भिंतीवरच्या सॉकेटमधून ओढण्याची त्या यंत्रांची क्षमताच नव्हती. बेस अ‍ॅम्प घेताना ‘पीक’ किंवा ‘मॅक्स’ असे शब्द दिसले तर तो आकडा सोडून द्यावा आणि आरएमएस, म्हणजे सलग देता येणारे वॉट विचारावेत.

पण खरा मुद्दा वॉटचा नाहीच. तो हवेचा आहे.

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार, ‘ई’, मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. पाच तारांच्या गिटारवरची ‘बी’ आणखी खाली, ३१ हर्ट्झला. ४१ हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास सव्वाआठ मीटर भरते. त्यात आपला कान या पट्टीत फार मंद आहे: १००० हर्ट्झचा सूर दोन-तीन डेसिबललाच ऐकू यायला लागतो, तर ४० हर्ट्झचा सूर नुसता जाणवायला ५० डेसिबलच्या आसपास जावे लागते. साध्या गिटारला ३० वॉटचा अ‍ॅम्प पुरतो आणि बेसला ३०० वॉटही कमी पडतात, याचे एक कारण हे. दुसरे कारण स्पीकरच्या कोनात, म्हणजे पुढच्या शंकूसारख्या पडद्यात, दडलेले आहे, आणि ते मला ध्वनिशास्त्रातल्या सगळ्यांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते.

स्पीकरचा कोन पुढेमागे हलतो आणि हवा ढकलतो. लहरीपेक्षा स्पीकर खूप लहान असेल तर दूरवर जाणारा ध्वनीचा दाब दोन गोष्टींवर ठरतो: कोनाने किती घनफळ हवा सरकवली, आणि किती झपाट्याने तिचा वेग बदलला. वेगातला हा बदल म्हणजे त्वरण, आणि शाळेत शिकलेल्या सरल आवर्त गतीत त्वरण वारंवारतेच्या वर्गाच्या पटीत असते. म्हणून एक सप्तक खाली उतरलो, वारंवारता निम्मी झाली, की तेवढाच आवाज काढायला कोनाला चौपट अंतर हलावे लागते. दोन सप्तके खाली, तर सोळापट. वरचे सूर वाजवताना कोन थरथरतोय हे डोळ्यांना दिसतही नाही. खालच्या ‘ई’ला तो स्पष्ट पुढेमागे झेपावताना दिसतो.

आता प्रत्यक्ष आकडे घालू. १० इंची स्पीकरच्या कोनाचे कामाचे क्षेत्रफळ साधारण ३५० चौरस सेंटिमीटर असते. तो एका दिशेला ५ मिलिमीटरपर्यंत नीट हलू शकतो असे धरू. म्हणजे एका झेपेत १७५ घन सेंटिमीटर हवा. स्पीकर जमिनीवर ठेवला तर एवढ्या हवेतून ८२ हर्ट्झला १ मीटरवर सुमारे ११० डेसिबल मिळतात. तोच स्पीकर, तीच पूर्ण झेप, पण सूर ४१ हर्ट्झचा: फक्त ९८ डेसिबल. इथून पुढे वॉट कितीही ओता, कोनाला जागाच उरलेली नाही. त्यामागची तारेची गुंडाळी चुंबकाच्या फटीतून बाहेर येऊ लागते, सूर फाटतो, आणि जोर चालूच ठेवला तर स्पीकर कायमचा निकामी होतो.

सुटकेचे मार्ग दोन: कोनाचे क्षेत्रफळ वाढवा किंवा झेप. यातच ‘पंधरा इंची म्हणजे जास्त बेस’ हा समजही तपासता येतो. १५ इंची कोनाचे क्षेत्रफळ साधारण ८५० चौरस सेंटिमीटर. १२ इंची दोन मिळून हजाराच्या वर, आणि १० इंची चार मिळून १४००. झेप सारखी असेल तर चार ‘लहान’ स्पीकर एका ‘मोठ्या’पेक्षा कितीतरी जास्त हवा हलवतात. एका स्पीकरचा व्यास पाहून बेसचा अंदाज बांधता येत नाही.

कॅबिनेटचे, म्हणजे स्पीकर बसवलेल्या खोक्याचे, लाकूड काय करते? कोन पुढे झेपावतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. उघड्या स्पीकरच्या कडेवरून ही दाबलेली हवा सरळ मागच्या पोकळीत वळते आणि दोन्ही एकमेकांना खोडून टाकतात. लहर सव्वाआठ मीटरची, स्पीकरची कड पाव मीटरवर. त्यामुळे खोडाखोड जवळपास पूर्ण होते. खोका या मागच्या लहरीला कोंडतो. पूर्ण बंद खोक्यात कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते, कोनाला आवरून धरते.

काही खोक्यांना मात्र मुद्दाम भोक ठेवतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो हूं असा सूर निघतो, तोच इथे कामाला लावलेला असतो: खोक्यातली हवा ही स्प्रिंग, भोकातल्या नळीतली हवा हे वजन, आणि दोघांची मिळून एक ठरावीक वारंवारता. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेच्या अल्बर्ट थुरास यांना या रचनेचे पेटंट १९३२ मध्ये मिळाले. त्या ठरावीक वारंवारतेला कोन जवळजवळ स्थिर राहतो आणि बहुतेक आवाज भोकातून येतो. खोका किती मोठा, नळी किती लांब, हे पूर्वी बरेचसे अंदाजाने ठरे. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी त्याचे गणित बसवून दिले. आज स्पीकरच्या माहितीपत्रकात जे ‘थील-स्मॉल’ आकडे असतात ते हेच.

भोकाच्या खोक्याची एक खोड पाच तारांवर वाजवणाऱ्याने लक्षात ठेवलीच पाहिजे. खोका ४५-५० हर्ट्झला जुळवलेला असेल आणि तुम्ही ३१ हर्ट्झची ‘बी’ जोरात वाजवली, तर त्या वारंवारतेला नळीतली हवा नुसती आतबाहेर वाहते. कोनामागची स्प्रिंगच नाहीशी होते. कोन बेफाम हलतो, भोकातला आवाज कोनाच्या आवाजाला खोडतो, आणि ऐकू काहीच येत नाही. म्हणून वादक ‘लो’चे, म्हणजे खालचे सूर वाढवणारे, बटण आणखी फिरवतो, आणि स्पीकर तिथेच जातो. अशा वेळी ३५-४० हर्ट्झच्या खालचे कापणारा हाय-पास फिल्टर लावावा. आवाज पातळ होत नाही, उलट मोकळा होतो.

आता वॉटकडे परत येऊ, कारण त्यांची खरी किंमत इथे कळते. अमेरिकेतल्या केएलएच कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक, अँटन हॉफमन, यांच्या नावाचा एक नियम आहे: लहान खोका, खोल बेस आणि कार्यक्षमता, यांतल्या कोणत्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. गणित असे, की कार्यक्षमता खोक्याच्या घनफळाच्या पटीत आणि सर्वांत खालच्या वारंवारतेच्या घनाच्या पटीत असते. म्हणजे त्याच खोक्यातून एक सप्तक खोल जायचे तर कार्यक्षमता एक-अष्टमांश होते आणि तेवढ्याच आवाजाला आठपट वॉट लागतात.

जुना अँपेग एसव्हीटी आठवा. १९६९चा हा अ‍ॅम्प ३०० वॉटचा, व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा), नुसते हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा अ‍ॅम्प, ४० किलोच्या घरात. सोबत १० इंची आठ स्पीकरचे बंद कॅबिनेट, सुरुवातीला तर अशी दोन. नंतरच्या काळात त्या आठ स्पीकरच्या कॅबिनेटची संवेदनशीलता १०० डेसिबल, म्हणजे १ वॉटला १ मीटरवर तेवढा आवाज, अशी दिली जाते. आजचे छोटे, पाठीवर नेता येणारे कॅबिनेट ९४ डेसिबलचे असेल तर फरक ६ डेसिबलचा, म्हणजे चौपट वॉटचा: मोठ्यावरचे १०० वॉट आणि छोट्यावरचे ४०० वॉट सारखेच वाजतात. निओडिमियमची हलकी चुंबके आणि क्लास-डी अ‍ॅम्प यांमुळे असे छोटे कॅबिनेट आणि एवढे वॉट शक्य झाले. क्लास-डीमध्ये ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू-पूर्ण बंद होतात, म्हणून वीज फारशी वाया जात नाही आणि ५०० वॉटचे हेड दोन-तीन किलोत बसते. स्कूटरवरून कार्यक्रमाला जाणाऱ्यासाठी ही खरोखर क्रांती आहे. पण स्पीकरकडे गेलेल्या विजेपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास उष्णताच होते. गुंडाळी तापते, १०० अंशांनी तापली तर तांब्याचा रोध सुमारे ३९ टक्के वाढतो, आणि मैफल रंगात आली की आवाज थोडा बसतो तो यामुळे.

म्हणून माझे ठाम मत: पैसे थोडे असतील तर मोठा अ‍ॅम्प घेऊ नका, आहे त्याच प्रकारचे दुसरे कॅबिनेट घ्या. ८ ओमच्या एका कॅबिनेटला तसेच दुसरे समांतर जोडले की भार ४ ओम होतो. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प आता जवळपास दुप्पट वॉट देतो, हे झाले ३ डेसिबल. दोन्ही खोके लहरीच्या मानाने एकमेकांना खेटून असल्याने त्यांचे दाब एकाच तालात मिळतात, हे आणखी ३. एकूण ६ डेसिबल, म्हणजे एकाच कॅबिनेटवर वॉट चौपट करण्याएवढे, आणि प्रत्येक कोनाची झेप मात्र वाढत नाही. पण अ‍ॅम्पच्या मागे लिहिलेला किमान ओमचा आकडा आधी वाचा. ४ ओमची दोन कॅबिनेट मिळून २ ओम होतात आणि पुष्कळ हेड ते सोसत नाहीत. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर उलट खबरदारी: स्पीकर न जोडता तो कधीही वाजवू नये.

हेडपासून कॅबिनेटपर्यंतची केबल जाड, स्पीकरचीच हवी. गिटारची बारीक केबल तिथे तापते. मात्र बाण छापलेल्या, ‘या दिशेनेच लावा’ सांगणाऱ्या महागड्या केबलींवर विश्वास ठेवू नका. स्पीकरकडे जाणारा प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलतो; त्याला बाण कळत नाही. तसेच ‘३० हर्ट्झपासून’ असे छापलेले असले आणि किती डेसिबल घटीला ते सांगितलेले नसले, तर तो आकडा निरर्थक आहे. त्या गाजलेल्या आठ स्पीकरच्या कॅबिनेटचा आवाजही ६० हर्ट्झच्या खाली उतरत जातो. तरी त्यावरची ‘ई’ भरदार वाटते, कारण ८२, १२३, १६५ हर्ट्झचे वरचे स्वरांश ऐकून मेंदू ४१चा मूळ सूर स्वतः जुळवून घेतो. मोबाइलच्या इवल्या स्पीकरवरही बेसची चाल ओळखू येते ती याच गुणामुळे.

दीड-दोनशे माणसांच्या बंद सभागृहात, ड्रमरसोबत, १२ इंची दोन किंवा १० इंची चार स्पीकर आणि ३०० ते ५०० वॉट एवढे बहुधा पुरते. तिथे जागा पाहून ठेवा. स्पीकरच्या तोंडापासून मागची भिंत १ मीटरवर असेल तर भिंतीवरून परतलेली लहर ८६ हर्ट्झच्या आसपासचा सूर खोडते, म्हणजे ‘डी’ तारेवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटचे सूर समोर पोकळ लागतात. कॅबिनेट भिंतीला चिकटवले की ही खोड वरच्या पट्टीत सरकते आणि खालचे सूर भरतात. मंडपात किंवा गोव्यातल्या लग्नाच्या मोकळ्या मैदानात मात्र ही मदत मिळत नाही. खालचे सूर मंडपाच्या कापडातून आरपार निघून जातात. अशा ठिकाणी बेसचा सिग्नल थेट मिक्सरला द्यावा, सब-वूफरना ते काम करू द्यावे, आणि स्टेजवरचे कॅबिनेट मागे कलते ठेवून स्वतःला नि ड्रमरला ऐकू येईल एवढेच वाजवावे.