प्राण्यांची शरीररचना: उत्क्रांती की निर्मिती

प्राण्यांची शरीरं हळूहळू बदलत घडली की देवाने प्रत्येक जात वेगळी बनवली, ह्यावरचा हा जुना वाद. विल्यम पेली ह्या इंग्लिश पाद्रीने 1802 मध्ये घड्याळाचा दाखला दिला, घड्याळ दिसलं म्हणजे घडवणारा असणारच, मग एवढा बारीक डोळा आपोआप कसा झाला? हा प्रश्न बावळट अजिबात नाही, तरुणपणी डार्विनलाही तो पटला होता, 1859 मध्ये नैसर्गिक निवडीचं (परिस्थितीला जुळणारे जास्त टिकतात, त्यांचे गुण पुढच्या पिढ्यांत साठत जातात) उत्तर मात्र त्यानेच दिलं.

पुरावा बघायला लांब जायला नको. रविवारी चिकनचा पंखाचा पीस सोलून बघा, खांद्यापासून एक हाड, मग दोन, मग बोटांची जोडून गेलेली हाडं. आपला हात तसाच, वटवाघळाचा पंख तसाच, देवमाशाचा वल्ह्यासारखा पर पण तसाच. निर्मितीवादी म्हणतात एकाच कारागिराने एकच नमुना वापरला. पण उडायला, पोहायला आणि पकडायला तोच सांगाडा का, ह्याचं सरळ उत्तर एक पूर्वज हेच आहे. पायाचंही तेच: ठाणे खाडीत फ्लेमिंगोचा गुडघा उलटा वाकतो असं सगळे म्हणतात, तो गुडघा नसतोच, घोटा असतो, खरा गुडघा वर पिसांत लपलेला.

ओहोटीला तिवरांच्या चिखलात निवटी येते, कोळी-आगरी घरात कालवणात जाते तीच, पुढच्या परांवर रेटा देत सरकते आणि ओल्या कातडीतून श्वास घेते. "मासा जमिनीवर कसा येईल" विचारणाऱ्याला ती दाखवावी, फक्त निवटी आपली पूर्वज नव्हे, आपली शाखा वेगळ्या, मांसल पराच्या माशांची. त्या बाजूच्या टिकटालिक ह्या माशाचा जीवाश्म 2004 मध्ये कॅनडाच्या उत्तर टोकाला सापडला, सुमारे 37.5 कोटी वर्षं जुना, खवले माशाचे आणि परात मनगटासारखी हाडं.

आपल्याकडे बरेच जण दशावतार म्हणजेच उत्क्रांती म्हणतात, पण मत्स्याच्या पोटी कूर्म जन्मला असं पुराण कुठे म्हणतं? 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, हे वाईटच झालं, आपल्या स्टेट बोर्डात निदान तो धडा आहे.

सगळ्यात बोलका पुरावा गळ्यातली नस, म्हणजे रक्ताची नव्हे, मज्जातंतू. स्वरयंत्राची डावी नस मेंदूतून निघून छातीत उतरते, महाधमनीला (हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला) वळसा घालून परत वर येते, जिराफात हा फेरा काही मीटरचा. माशात तीच नस रक्तवाहिनीमागून कल्ल्याकडे सरळ जाते, पुढे मान लांबली आणि नस खाली अडकून राहिली. निर्मितीवादी सांगतात की वाटेत ती हृदयाला, अन्ननलिकेला फाटे देते, आणि ते खरंच आहे. पण थोड्या माणसांत उजवी नस वळसा न घालता थेट येते, आवाज नीटच असतो, म्हणजे आवाजासाठी वळशाची गरज नाही, थायरॉइडचं ऑपरेशन करताना सर्जनला तेवढं जपावं लागतं.