फेरसामना गेला, राग राहिला: एफए कपच्या चाहत्यांची पार्श्वभूमी

१८ एप्रिल २०२४ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने जाहीर केलं, की पुढच्या हंगामात एफए कप या सर्व श्रेणींतल्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, तिच्या मुख्य फेऱ्यांमध्ये, फेरसामने होणार नाहीत. आधी बरोबरी झाली, की तीच लढत दुसऱ्या संघाच्या मैदानावर पुन्हा व्हायची. आता सामना बरोबरीत राहिला तर जादा वेळ, तरीही कोंडी फुटली नाही तर पेनल्टी, आणि निकाल त्याच दिवशी. वरवर पाहता वेळापत्रकातली किरकोळ दुरुस्ती. पण खालच्या श्रेणीतले क्लब आणि त्यांचे चाहते पेटून उठले. सगळ्यात वरच्या श्रेणीच्या प्रीमियर लीगशी बसून ठरवलंत, आम्हाला कोणी विचारलं, असा त्यांचा सवाल होता. खालच्या लीगच्या प्रतिनिधींनाही याची कल्पना होती, असं असोसिएशनने सांगून पाहिलं. कोणाचंही समाधान झालं नाही.

एका फेरसामन्यावरून एवढा गदारोळ का, हे कळायला आधी त्यातला पैसा पाहायला हवा. कपच्या तिकिटांची रक्कम खर्च वजा जाता दोन्ही क्लबांत सारखी वाटली जाते. म्हणजे पाचव्या श्रेणीतला क्लब मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर खेळला, की तिथल्या गर्दीतला वाटा त्याच्याही खिशात पडतो. ८ जानेवारी २००५ ला एक्झेटर सिटीच्या बाबतीत हेच घडलं. व्यावसायिक लीगमधून बाहेर फेकला गेलेला, कर्जात बुडालेला आणि अखेर चाहत्यांच्याच ट्रस्टने चालवायला घेतलेला हा क्लब मँचेस्टर युनायटेडच्या घरी गेला आणि ०-० अशी बरोबरी करून आला. मग फेरसामना एक्झेटरच्या मैदानावर झाला, टीव्हीवर दाखवला गेला, आणि एक्झेटर ०-२ ने हरलं. हरलं तरी त्या दोन सामन्यांच्या पैशातून क्लब कर्जाच्या गाळातून वर आला. नव्या नियमात तो पहिलाच सामना ओल्ड ट्रॅफर्डवर जादा वेळेत किंवा पेनल्टींवर संपला असता आणि युनायटेडला एक्झेटरला जावंच लागलं नसतं.

फेरसामन्यांचा पूर्वी अतिरेकही व्हायचा, हेही खरं. १९७१ मध्ये अल्व्हचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी या हौशी संघांमधली पात्रता फेरीतली लढत सहा सामने चालली, तेव्हा कुठे एक गोल निर्णायक ठरला. १९९१-९२ पासून ‘एकच फेरसामना, मग पेनल्टी’ असा नियम झाला, आणि त्याबद्दल फारशी कोणी कुरकुर केली नाही.

ही स्पर्धा मुळात धनिकांच्या मुलांची. असोसिएशनचा सचिव चार्ल्स अल्कॉक हॅरो शाळेत शिकलेला. तिथे वसतिगृहांमध्ये बाद पद्धतीची स्पर्धा व्हायची, तीच कल्पना त्याने जुलै १८७१ मध्ये असोसिएशनपुढे मांडली. पहिल्या वर्षी पंधरा क्लबांनी नावं दिली. १६ मार्च १८७२ ला लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर, म्हणजे क्रिकेटच्या मैदानावर, पहिला अंतिम सामना झाला. वाँडरर्सने लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्सना १-० ने हरवलं. गोल करणारा मॉर्टन बेट्स टोपणनावाने खेळला होता, आणि विजेत्या संघाचा कर्णधार होता खुद्द अल्कॉक. प्रेक्षक जेमतेम दोन हजार.

अकरा वर्षांत चित्र पालटलं. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या लँकेशरच्या संघाने ओल्ड इटोनियन्सना २-१ ने हरवलं. ऑलिंपिकच्या संघात विणकर होते, ओतकामाच्या कारखान्यातले कामगार होते, एक प्लंबर होता. समोर इटन या बड्या शाळेचे माजी विद्यार्थी. त्यानंतर एकाही हौशी संघाने हा कप जिंकलेला नाही. १८८५ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना अधिकृत मान्यता मिळाली आणि १८८८ मध्ये लीग सुरू झाली. पण कपची गोडी लीगपेक्षा वेगळी राहिली, कारण इथे मानांकन नाही. पिशवीत हात घालायचा आणि जो चेंडू येईल तो प्रतिस्पर्धी. ही सोडत १९३५ पासून बीबीसी रेडिओवर ऐकवली जाऊ लागली आणि सोमवारी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कारखान्यांमधून लोक कान देऊन ऐकत. सातशेहून जास्त क्लब दरवर्षी स्पर्धेत उतरतात. गावातल्या क्लबांचे सामने ऑगस्टमध्येच सुरू होतात आणि बडे क्लब थेट जानेवारीत, तिसऱ्या फेरीत येतात.

हेच वारं ब्रिटिश पलटणींबरोबर आपल्याकडेही आलं. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ चा, आणि सुरुवातीला त्यात सगळे गोऱ्या पलटणींचेच संघ असत. कूपरेजवर गर्दी खेचणारी ती स्पर्धा या शतकाच्या तोंडाशी बंद पडली. त्या मानाने इंग्रजांनी आपला कप टिकवला.

कपला राष्ट्रीय सणाचं रूप लंडनच्या वेम्बली स्टेडियमने दिलं. २८ एप्रिल १९२३ ला तिथे पहिला अंतिम सामना झाला, बोल्टन विरुद्ध वेस्ट हॅम. अधिकृत आकडा १,२६,०४७ प्रेक्षकांचा. आत शिरलेले लोक दोन लाखांच्या घरात असावेत असा अंदाज. मैदानच माणसांनी भरून गेलं होतं. जॉर्ज स्कोरी या पोलिसाने आणि त्याच्या बिली या घोड्याने गर्दी रेषेबाहेर ढकलली, तेव्हा खेळ सुरू झाला आणि बोल्टन २-० ने जिंकलं. त्यानंतर प्रेक्षकांना तिकिटाशिवाय प्रवेश बंद झाला. १९२७ पासून सामन्याआधी ‘अबाईड विथ मी’ हे प्रार्थनागीत म्हणायची प्रथा पडली. त्याच वर्षी कार्डिफ सिटीने आर्सेनलला हरवून कप वेल्सला नेला. इंग्लंडबाहेर तो पुन्हा गेलेला नाही.

आज पन्नाशी-साठी ओलांडलेला इंग्लिश चाहता ‘कपची जादू’ म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा १९७० आणि १९८० च्या दशकांतला अंतिम सामन्याचा शनिवार असतो. लीगचे सामने थेट दिसत नसत; १९८३ पर्यंत क्लब फुटबॉलचा जवळजवळ हा एकच मोठा सामना घरबसल्या थेट पाहता येई. बीबीसी आणि आयटीव्ही दोन्ही वाहिन्या सकाळपासून तोच दाखवायच्या: संघ हॉटेलात न्याहारी करतोय, खेळाडू पत्ते कुटतायत, बस वेम्बलीच्या रस्त्याला लागली. मैदानात लोक पुठ्ठ्याला चांदीचा कागद चिकटवून घरी केलेले कप नाचवायचे. माझ्या मते या आठवणींतला निम्मा गोडवा टंचाईचा आहे. वर्षातून एकदा मिळणारी गोष्ट रोज मिळू लागली, की कोणतीही स्पर्धा फिकी पडते, आणि तो दोष ना असोसिएशनचा, ना प्रीमियर लीगचा.

उरलेला निम्मा मात्र खरा. फेब्रुवारी १९७२ मध्ये हेरफर्डच्या एडगर स्ट्रीट मैदानावर जे झालं, ते पाहा. पहिल्या श्रेणीतल्या न्यूकॅसलशी त्यांच्याच घरी २-२ अशी बरोबरी करून खालच्या सदर्न लीगमधला हेरफर्ड युनायटेड फेरसामन्यासाठी परतला होता. पावसामुळे तारीख पुढे पुढे जात राहिली. अखेर सामना झाला तेव्हा मैदानात नुसता चिखल. शेवटची काही मिनिटं उरली असताना माल्कम मॅक्डोनाल्डने न्यूकॅसलला आघाडी मिळवून दिली. संपलं असं सगळ्यांना वाटलं. मग रॉनी रॅडफर्ड, एरवी सुतारकाम करणारा माणूस, याने सुमारे तीस यार्डांवरून मारलेला चेंडू वरच्या कोपऱ्यात शिरला आणि जाड कोट घातलेली पोरं कुंपण ओलांडून चिखलात धावत सुटली. जादा वेळेत रिकी जॉर्जने दुसरा गोल केला, २-१. समालोचक होता २६ वर्षांचा जॉन मॉटसन. बीबीसीने त्या सामन्याला थोडीशीच मिनिटं द्यायचं ठरवलं होतं, पण त्या रात्री तोच पहिला दाखवावा लागला. आणि हा सामना झाला तो फेरसामना होता म्हणून. २०२४ मध्ये जे चिडले, त्यांच्या तोंडी हेरफर्डचं नाव सारखं येत होतं, ते उगाच नाही.

त्या काळात अंतिम सामन्यातही उलथापालथ व्हायची. दुसऱ्या श्रेणीतल्या सँडरलँडने १९७३ मध्ये लीड्सला हरवलं, साउदम्प्टनने १९७६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला, वेस्ट हॅमने १९८० मध्ये आर्सेनलला. १९८० नंतर वरच्या श्रेणीबाहेरच्या एकाही संघाने कप जिंकलेला नाही.

१९९२ मध्ये प्रीमियर लीग आली, युरोपातल्या बड्या क्लबांची चॅम्पियन्स लीग फुगत गेली, आणि कपचं वजन पैशात मोजायची सवय लागली. आज अंतिम सामना जिंकल्याचं बक्षीस वीस लाख पौंडांच्या आसपास आहे. प्रीमियर लीगमध्ये तळाला राहणाऱ्या क्लबलाही वर्षाला दहा कोटी पौंडांहून जास्त मिळतात. हा हिशेब मॅनेजरला तोंडपाठ असतो. म्हणून जानेवारीत राखीव खेळाडू मैदानात उतरतात. सगळ्यात मोठा घाव मात्र आधीच बसला होता. १९९९ चा कप जिंकणाऱ्या मँचेस्टर युनायटेडने पुढच्या वर्षी स्पर्धेत भागच घेतला नाही. जागतिक क्लब स्पर्धेसाठी संघ ब्राझीलला गेला, आणि त्यामागे असोसिएशनचाच आग्रह होता, कारण २००६ च्या विश्वचषकाचं यजमानपद हवं होतं. ते मिळालं जर्मनीला. कपविजेताच कप खेळत नाही, हे ज्या संस्थेने चालवून घेतलं, तिने नंतर परंपरेचे गोडवे गावेत हे जरा जास्तच झालं.

पुढे २००८ पासून दोन्ही उपांत्य सामने वेम्बलीला नेले गेले. नव्या स्टेडियमचं कर्ज फेडायचं होतं. अंतिम सामन्यापुरतं राखून ठेवलेलं वेम्बली त्यामुळे आधीच पाहून होतं, आणि उत्तरेकडच्या चाहत्यांना एका कपसाठी दोनदा लंडन गाठावं लागतं. एप्रिल २०२२ मध्ये लिव्हरपूल आणि मँचेस्टर सिटी यांचा उपांत्य सामना ईस्टरच्या सुट्टीत आला, त्याच दिवसांत रेल्वेची कामं निघाली होती आणि त्या भागातून लंडनला थेट गाड्याच नव्हत्या. असोसिएशनने फुकट बस दिल्या. दोन्ही क्लब एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर, सामना मात्र तीनशे किलोमीटर लांब.

तरीही ‘चाहत्यांना आता कपचं काही वाटत नाही’ हे सरसकट खरं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये लिव्हरपूलने श्रूजबरीविरुद्धच्या फेरसामन्यात पोरांचा संघ उतरवला, कारण यूर्गन क्लॉप आणि मुख्य खेळाडू सुट्टीवर होते. तिकिटं स्वस्त केली आणि लिव्हरपूलचं ॲनफिल्ड मैदान भरलं. एरवी तिकीट न मिळणारी, न परवडणारी कुटुंबं त्या दिवशी आली होती. जानेवारी २०२१ मध्ये आठव्या श्रेणीतल्या मरीनच्या घरी टॉटनम आलं तेव्हा कोरोनामुळे प्रेक्षकांना बंदी होती. मरीनने दहा पौंडांची नुसती नावापुरती तिकिटं विकायला काढली, तर तीस हजारांहून जास्त खपली. शिवाय कपमध्ये पाहुण्या चाहत्यांना स्टेडियमच्या पंधरा टक्क्यांपर्यंत जागा मिळते, लीगपेक्षा बरीच जास्त. जानेवारीच्या थंडीत पाहुण्यांच्या स्टँडमध्ये जो आवाज होतो, तो म्हणूनच.

माझं मत विचाराल, तर बड्या क्लबांच्या चाहत्यांना कप हवा असतो, पण मे महिन्यात, म्हणजे अंतिम सामना आला की. मधल्या क्लबांची कुचंबणा वेगळी: लीग ते जिंकूच शकत नाहीत, कप जिंकू शकतात, आणि त्यांचेच मॅनेजर हकालपट्टीच्या धास्तीने राखीव संघ खेळवतात. विगनने २०१३ मध्ये मँचेस्टर सिटीला हरवून कप नेला आणि तीनच दिवसांनी प्रीमियर लीगमधून त्यांची घसरण झाली. सौदा महाग पडला का, यावर तिथे अजून वाद घालता येईल. ट्रॉफी परत करा म्हणणारा विगनचा चाहता मात्र शोधावा लागेल.

मधल्या क्लबांमधलं ताजं उदाहरण क्रिस्टल पॅलेसचं. १९९० मध्ये मँचेस्टर युनायटेडशी ३-३ अशा थरारक अंतिम सामन्यानंतर ते फेरसामन्यात हरले, २०१६ मध्ये पुन्हा त्यांच्याकडूनच. १७ मे २०२५ ला त्यांनी एबेरेची एझेच्या गोलवर मँचेस्टर सिटीला १-० ने हरवलं. डीन हेंडरसनने पेनल्टीही अडवली. क्लबच्या इतिहासातला हा पहिला मोठा चषक, सोबत युरोपा लीग या युरोपीय क्लब स्पर्धेचं तिकीट. पण पॅलेसच्या भागधारकाचा फ्रान्सच्या लियॉन क्लबमध्येही हिस्सा असल्याने युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने मालकीच्या नियमावर बोट ठेवलं आणि जुलैमध्ये त्यांना एक पायरी खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये ढकललं. १० ऑगस्टला पॅलेसने वेम्बलीवर लिव्हरपूललाही हरवून लीगविजेता आणि कपविजेता यांच्यातली कम्युनिटी शील्ड जिंकली. दुसऱ्याच दिवशी क्रीडा लवादाने त्यांचं अपील फेटाळलं, आणि युरोपा लीगची ती जागा नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेली.